सुकाणू आपल्याच हाती : थेम्स नदीवरील बोट-सहलीचे नियोजन

लंडनला जाणारा मराठी पर्यटक थेम्स नदी पाहतो ती बहुधा टॉवर ब्रिजवरून किंवा वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या प्रवासी बोटीतून. ही थेम्स रुंद, गढूळ आणि भरती-ओहोटीची. शहराच्या पश्चिमेला टेडिंग्टन येथे मात्र नदीचे रूप पालटते. भरतीचे पाणी येथे अडते आणि तेथून वर लेचलेड या गावापर्यंत सुमारे २०० किलोमीटर एक शांत, गोड्या पाण्याची, दुतर्फा झाडे आणि कुरणे असलेली नदी सुरू होते. या टप्प्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानाची सोय असलेली छोटी बोट आठवड्याच्या बोलीने भाड्याने मिळते आणि ती आपणच चालवायची असते.

केरळात हाऊसबोट घेतली की नावाडी आणि स्वयंपाकी सोबत येतात. येथे तसे नाही. सुकाणू, दोर, स्वयंपाक आणि मुक्कामाची जागा शोधणे ही सारी कामे घरच्या मंडळींनी वाटून घ्यायची. भाड्याची बोट चालवण्यासाठी परवाना लागत नाही. बोट देणारी संस्था निघण्यापूर्वी तास-दीड तास प्रशिक्षण देते. त्यामुळे पहिल्यांदाच सुकाणू धरणारी कुटुंबेही ही सहल आनंदाने पार पाडतात.

सहल बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. नकाशावर विंडसर आणि ऑक्सफर्ड जवळ दिसतात. मोटारीने हे अंतर सव्वा तासाचे. मग आठवड्यात ऑक्सफर्ड सहज होईल असे गृहीत धरून बेत आखला जातो आणि तिसऱ्या दिवसापासून सुटी ही शर्यत होऊन बसते. नदीवर अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही. तास आणि लॉक मोजावे लागतात. हा हिशेब घरून निघण्यापूर्वीच करावा, हे या सहलीच्या नियोजनाचे पहिले सूत्र.

लॉक म्हणजे काय?

लेचलेडपासून टेडिंग्टनपर्यंत येताना नदी साठ मीटरहून अधिक खाली उतरते. हा उतार तसाच ठेवला तर पाणी वेगाने वाहून जाईल आणि उन्हाळ्यात नौका तळाला टेकतील. म्हणून नदीवर ठिकठिकाणी बंधारे घालून तिच्या पायऱ्या केल्या आहेत. प्रत्येक पायरीवर पाणी संथ आणि पुरेसे खोल असते. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर बोट नेण्याची जी सोय, ती म्हणजे लॉक. मराठीत यासाठी जलपाश असा शब्द आहे. पण नदीवर सगळीकडे 'लॉक'च कानी पडते, म्हणून येथेही तोच शब्द वापरला आहे.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी किंवा काँक्रीटचा हौद. वर जायचे असेल तर बोट खालच्या दरवाजातून आत घ्यायची, दरवाजा बंद करायचा, वरच्या दरवाजाच्या झडपा उघडून पाणी आत सोडायचे. हौद भरतो तशी बोट वर उचलली जाते. पाणी वरच्या पातळीला आले की वरचा दरवाजा उघडतो. खाली येताना हाच क्रम उलटा. यात पंप लागत नाही; सारे काम नदीच्या उतारावरच होते.

दोन दरवाजांच्या अशा लॉकची पहिली ज्ञात नोंद चीनमधील असून ती इसवी सन ९८४ मधील आहे. थेम्सवर असे लॉक १६३० च्या दशकात ऑक्सफर्डच्या परिसरात बांधले गेले. त्यापूर्वी बंधाऱ्यातील काही फळ्या काढून वाट करत आणि उसळत्या लोंढ्याबरोबर नावा खाली सोडत. वर येणाऱ्या नावा दोरखंड लावून ओढाव्या लागत. गिरणीमालकांना पाणी अडवून हवे असे, तर नावाड्यांना ते सोडून हवे असे. त्यामुळे तंटे होत आणि अपघातही होत. लॉकमुळे दोघांचीही सोय झाली.

आज लेचलेडजवळच्या सेंट जॉन्स लॉकपासून टेडिंग्टनपर्यंत ४४ लॉक आहेत. त्यांची व्यवस्था एन्व्हायर्नमेंट एजन्सी ही सरकारी यंत्रणा पाहते. ऑक्सफर्डच्या किंचित वर असलेल्या गॉडस्टो लॉकपर्यंतचे लॉक विजेवर चालतात. त्याच्या वरचे हाताने चालवावे लागतात. मोसमात अनेक लॉकवर रक्षक किंवा स्वयंसेवक असतात. त्यांची वेळ साधारणतः सकाळी ९ ते सायंकाळी ५ किंवा ६, मध्ये तासभर जेवणाची सुटी. रक्षक नसेल तेव्हा फलकावरील सूचना वाचून प्रवाशांनीच बटणे दाबून लॉक चालवायचा असतो.

आधी परतीचा हिशेब

या नदीवर वेगमर्यादा ताशी ८ किलोमीटर आहे. काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना, वल्हेकऱ्यांना वाट देताना वेग आणखी कमी करावा लागतो. म्हणून हिशेबासाठी ताशी ६ किलोमीटर धरावेत. प्रत्येक लॉकसाठी २० मिनिटे धरावीत. ऑगस्टमधील रविवार असेल तर अर्धा तास. अंतर भागिले सहा, अधिक लॉक गुणिले वीस मिनिटे, एवढेच गणित.

आता विंडसर ते ऑक्सफर्ड हा बेत तपासून पाहू. अंतर शंभराहून अधिक किलोमीटर आणि लॉक २३. प्रवासाचे १८ तास आणि लॉकचे पावणेआठ तास मिळून एका बाजूचे जवळपास २६ तास होतात. बोट जेथून घेतली तेथेच परत करायची असते, म्हणजे जाऊन-येऊन ५२ तास. शनिवारी दुपारी बोट मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत द्यावी लागते. मधले सहा दिवसच पूर्ण हाती राहतात. म्हणजे रोज साडेआठ तास सुकाणूवर. गावे पाहणे, बाजारहाट, पाऊस, मुलांचा कंटाळा यांना त्यात जागाच उरत नाही.

अनुभवी मंडळी दिवसाला चार ते पाच तास प्रवासाचे धरतात आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवतात. हा मोकळा दिवस चैनीचा नाही. नदीला अचानक पाणी आले, इंजिन रुसले किंवा घरात कोणी आजारी पडले तर तोच कामी येतो. म्हणून बेत आखताना 'कोठपर्यंत जायचे' यापेक्षा 'कोठून आणि कोणत्या दिवशी मागे फिरायचे' हे आधी ठरवावे.

सात रात्रींचा एक नमुना

विंडसरहून निघून रेडिंगहून परत फिरायचे असे धरले, तर एका बाजूचे अंतर सुमारे ४७ किलोमीटर आणि लॉक ११. जाऊन-येऊन प्रवास २३ तासांच्या आसपास होतो.

पहिला दिवस (शनिवार) : दुपारी बोटीचा ताबा आणि प्रशिक्षण. विंडसरचा राजवाडा मागे ठेवून सुमारे ३ किलोमीटर पुढे बोव्हनी लॉक पार करावा आणि तेथेच आसपास थांबावे. पहिल्या दिवशी एक लॉक पुरे.

दुसरा दिवस : ब्रे, बोल्टर्स, कुकम आणि मार्लो असे चार लॉक, सुमारे १७ किलोमीटर. मेडनहेड येथे इझमबार्ड ब्रुनेल या अभियंत्याने बांधलेल्या, १८३०च्या दशकातील रेल्वे पुलाच्या रुंद आणि सपाट विटांच्या कमानींखालून बोट जाते. टर्नर या चित्रकाराच्या १८४४ मधील प्रसिद्ध आगगाडीच्या चित्रातील पूल तो हाच. बोल्टर्स लॉकनंतर क्लाइव्हडेनची गर्द झाडीची कडा लागते. नदीचा हा भाग अनेकांना सर्वांत देखणा वाटतो.

तिसरा दिवस : मार्लोचा १८३२ मधील झुलता पूल पाहून निघावे. याच्याच अभियंत्याने, विल्यम टिअर्नी क्लार्कने, पुढे बुडापेस्टच्या प्रख्यात साखळी पुलाचा आराखडा केला. टेंपल, हर्ली आणि हँबल्डन हे तीन लॉक पार करून १३ किलोमीटरवर हेन्ली. दुपार गावात घालवता येते.

चौथा दिवस : मार्श, शिपलेक आणि सॉनिंग हे तीन लॉक, १४ किलोमीटर आणि रेडिंग. सॉनिंगच्या जुन्या विटांच्या पुलाखालून जाताना वेग अगदी कमी ठेवावा. रेडिंग मोठे शहर असल्याने बाजारहाट येथे करून घ्यावा.

पाचवा दिवस : राखीव. सर्व सुरळीत असेल तर कॅव्हर्शम आणि मॅपलडरम लॉक ओलांडून ११ किलोमीटरवरील पँगबर्न या टुमदार गावी जाऊन संध्याकाळपर्यंत रेडिंगला परतावे. 'द विंड इन द विलोज' या १९०८ मधील बालकादंबरीचे लेखक केनेथ ग्रॅहम यांचे अखेरचे वास्तव्य या गावी होते. पाऊस असेल किंवा मंडळी दमली असतील तर बोट हलवूच नये.

सहावा आणि सातवा दिवस : परतीचा प्रवास, रोज सहा तासांच्या आत. प्रवाहाबरोबर येत असल्याने थोडा वेळ वाचतो. सातव्या रात्री बोटतळाच्या शक्य तितक्या जवळ मुक्काम करावा, म्हणजे आठव्या दिवशी सकाळी वेळेवर बोट परत देता येते. उशीर झाल्यास बहुतेक करारांत दंड असतो.

ज्यांना ऑक्सफर्ड पाहायचेच आहे त्यांनी दोन आठवड्यांसाठी बोट घ्यावी किंवा वरच्या भागातील बोटतळ निवडावा. तेथेही एक अडचण आहे. ऑक्सफर्डच्या ऑस्नी पुलाखाली नदीची पातळी नेहमीची असताना जेमतेम २.२८ मीटर उंची मिळते. बऱ्याच बोटी त्याखालून जाऊ शकत नाहीत. लेचलेडकडे जायचा बेत असेल तर बोटीची उंची करारापूर्वीच विचारावी.

केव्हा जावे?

भाड्याच्या बोटींचा मोसम साधारणतः एप्रिल ते ऑक्टोबर. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत इंग्लंडमधील शाळांना सुटी असते. त्या काळात भाडे सर्वाधिक, लॉकवर रांगा आणि संध्याकाळी मुक्कामाच्या जागेसाठी धावपळ. मे महिना आपल्याकडील शाळांच्या सुटीशी जुळतो आणि नदीसाठीही चांगला असतो. मेच्या मध्यावर सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो, झाडांना नवी पालवी असते आणि गर्दी बेताची असते. थंडी मात्र गृहीत धरावी. सकाळी डेकवर स्वेटर आणि वाराप्रतिबंधक जाकीट लागतेच. सप्टेंबरही उत्तम, दिवस लहान होऊ लागतात एवढेच.

जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला हेन्ली येथे १८३९ पासून चालत आलेल्या नौकाशर्यती असतात. त्या दिवसांत टेंपल बेटापासून हेन्लीपर्यंतच्या पात्राचा मोठा भाग शर्यतींसाठी राखला जातो आणि मुक्कामाला जागा मिळणे अवघड होते. शर्यती पाहायच्या नसतील तर तो आठवडा टाळावा. हिवाळ्यात नदीला पाणी असते आणि लॉकच्या दुरुस्तीची मोठी कामेही त्याच काळात काढली जातात.

बोट निवडताना

जाहिरातीत '४+२' किंवा '६+२' असे आकडे दिसतात. पहिला आकडा कायम बिछान्यांचा. दुसरा रात्री जेवणाचे मेज उतरवून तयार होणाऱ्या बिछान्यांचा. आजी-आजोबा सोबत असतील तर हे मेज रोज उघडणे-मिटणे जिकिरीचे होते. म्हणून माणसांपेक्षा एक बिछाना जास्त असलेली बोट घ्यावी. पण गरजेपेक्षा फार लांब बोट घेऊ नये. लांब बोट वळवायला जड आणि बांधायला जागा शोधणे कठीण.

करारापूर्वी पुढील बाबी लेखी विचाराव्यात : डिझेल भाड्यात धरले आहे की वेगळे, नुकसानीसाठी अनामत किती, संडासाची टाकी रिकामी करण्याचा खर्च कोणाचा, सर्वांसाठी, विशेषतः मुलांच्या मापाची, लाइफ जॅकेट मिळतील का, चालकाच्या वयाची अट काय, पुरामुळे नदी बंद राहिल्यास पैसे परत मिळतात की दुसरी तारीख मिळते. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण विचारत नाहीत. बोटीवर किमान दोन धडधाकट प्रौढ असावेत. लॉकमध्ये एकाला पुढचा आणि एकाला मागचा दोर सांभाळावा लागतो.

प्रशिक्षणाच्या वेळी घाई करू नये. बोट सुरू करणे, थांबवणे, उलट घेणे, काठाला लावणे हे प्रत्येकाने एकदा तरी स्वतः करून पाहावे. शक्य असल्यास पहिला लॉक प्रशिक्षकाच्या उपस्थितीत पार करावा. गॅसची चावी, विजेचे मुख्य बटण, अग्निशामक आणि कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा कोठे आहे हे सर्वांना ठाऊक असावे.

लॉकमध्ये शिरताना

बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलट फिरवूनच ती थांबवता येते आणि तेही हळूहळू. म्हणून लॉक दिसताच वेग कमी करावा, अलीकडच्या धक्क्याला बोट लावून थांबावे आणि रक्षकाची खूण होईपर्यंत पुढे जाऊ नये.

आत गेल्यावर पुढचा आणि मागचा असे दोन्ही दोर काठावरच्या खुंटाभोवती फिरवून त्यांची टोके हातात धरावीत. दोर खुंटाला गाठ मारून कधीही बांधू नये. पाणी उतरताना बांधलेली बोट दोरालाच लटकते आणि कलंडू शकते. वर चढताना दोर हळूहळू आवळत जावा, उतरताना सैल सोडत जावा. इंजिन बंद ठेवावे. हात-पाय बोट आणि भिंत यांच्या मध्ये कधीही घालू नयेत. काही टन वजनाची बोट हाताने थोपवता येत नाही. त्यासाठी बाजूला लटकवलेले फेंडर असतात.

खाली उतरताना आणखी एक धोका असतो. वरच्या दरवाजाच्या पायाशी पाण्याखाली एक दगडी उंबरठा असतो. हौद रिकामा होताना तो उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्यावर अडकले तर पुढचे टोक पाण्याबरोबर खाली जाते आणि बोट पाहता पाहता बुडू शकते. उंबरठ्याची हद्द भिंतीवर रंगवलेली असते. बोट नेहमी तिच्या पुढे ठेवावी. काही अडकल्याचे दिसताच मोठ्याने ओरडून झडपा बंद करायला सांगावे. लॉकमध्ये मोबाइलवर बोलणे, छायाचित्रे काढणे यासाठी तिसरा माणूस असावा.

नदीवरचे शिष्टाचार आणि बंधारे

भारतातील रस्त्यांच्या उलट, नदीवर उजव्या बाजूने जायचे असते. अरुंद पुलाखाली प्रवाहाबरोबर येणाऱ्या बोटीला प्रथम वाट द्यावी, कारण तिला थांबणे अधिक कठीण असते. शिडाच्या होड्या वाऱ्याप्रमाणे नागमोडी जातात. त्यांच्या मागे धीराने थांबावे. वल्हेकरी पाठमोरे वल्हवतात, त्यामुळे त्यांना पुढचे दिसत नाही. आपल्या मागे उठणारी लाट काठावर आदळत असेल तर वेग जास्त आहे असे समजावे. काठाला लागताना शक्यतो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला तोंड करून यावे. प्रवाहच बोट आवरून धरतो.

प्रत्येक लॉकच्या शेजारी बंधारा असतो आणि खरा धोका तेथे असतो. लॉककडे जाणारी आणि बंधाऱ्याकडे जाणारी वाट अलीकडेच वेगळी होते. बाण आणि धोक्याच्या पाट्या लावलेल्या असतात. पुढे बसलेल्या एकाने मोठ्याने वाचून खात्री करावी आणि मगच वळावे. बंधाऱ्याखालचा डोह वरून शांत दिसला तरी आतील भोवरे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाहीत. ऑक्सफर्डजवळच्या सँडफर्ड बंधाऱ्याच्या डोहात १९२१ मध्ये मायकेल लेवेलिन डेव्हिस हा विद्यार्थी मित्रासह बुडाला. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांनी त्याला वाढवले होते. तेथे आधीच्या बुडालेल्यांचे स्मारक तेव्हाही उभे होते.

मुले आणि पोहता न येणारी माणसे यांनी डेकवर असताना लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे. कोणी पाण्यात पडले तर मागोमाग उडी मारू नये. इंजिन ताबडतोब मोकळ्या गियरवर आणावे, म्हणजे पंखा थांबेल. मग तरंगते कडे फेकावे आणि बोट हळू जवळ न्यावी. उन्हाळ्यातही पाणी इतके गार असते की पहिल्या मिनिटात श्वास अडखळतो. नदीच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसही होऊ शकतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना या रोगाची वेगळी ओळख करून द्यायला नको. जखम झाकावी आणि दोर हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

पिवळा फलक, लाल फलक

जोराचा पाऊस झाला की लॉकवर फलक लागतात. पिवळा फलक प्रवाह वाढत असल्याचा किंवा ओसरत असल्याचा इशारा देतो. लाल फलक प्रवाह जोरदार असल्याचा. लाल फलक असताना कोणत्याही बोटीने निघू नये असा सल्ला यंत्रणा देते आणि भाड्याच्या बोटींच्या करारात तर ही सक्तीच असते. ऊन पडले म्हणून फलक उतरत नाही. वरच्या डोंगराळ भागातील पाणी दोन-तीन दिवसांनी खाली पोहोचते, त्यामुळे पाऊस थांबल्यावरही नदी चढत राहू शकते. जानेवारी २०२४ मध्ये हेंक वादळानंतर थेम्सला मोठा पूर आला आणि त्यानंतरही अनेक आठवडे नदीवर हे फलक दिसत होते.

फलक पिवळा झाला की पुढे जाण्याचा मोह टाळून बोटतळावर दूरध्वनी करावा आणि परतीचा विचार सुरू करावा. लाल फलक लागला तर आहे तेथे, दोर थोडे सैल ठेवून, सुरक्षित बांधून राहावे. नदीची स्थिती एन्व्हायर्नमेंट एजन्सीच्या संकेतस्थळावर रोज पाहता येते. सकाळच्या चहाबरोबर ती पाहण्याची सवय ठेवावी.

मुक्काम आणि स्वयंपाक

भाड्याच्या बोटींना रात्री प्रवास करण्याची परवानगी नसते. मुक्कामाची जागा दुपारी चार-साडेचारलाच शोधू लागावे. काही धक्के पहिले २४ तास विनामूल्य असतात, काहींना शुल्क असते. पाटी वाचल्याशिवाय दोर बांधू नये. खासगी बागांच्या काठाला बोट लावू नये. नदीकाठच्या अनेक पबना स्वतःचे धक्के आहेत. तेथे जेवण घेतल्यास थांबू देतात, मात्र आधी विचारावे.

बोटीतील स्वयंपाकघर छोटे. दोन ते चार शेगड्या, छोटी भट्टी, फ्रीज. कुकर चालतो, पण खिडकी उघडी ठेवावी. डाळी, मसाले, पोहे आणि पिठे विंडसरलगतच्या स्लाव किंवा पश्चिम लंडनमधील साउथॉल येथे मिळतात. भारतातून ओझे नेण्याची गरज नाही. मार्लो, हेन्ली आणि रेडिंग येथे दूध-भाजी सहज मिळते. पाण्याची टाकी रोज भरून घ्यावी. पाण्याचे नळ काही ठरावीक लॉकवर आणि धक्क्यांवर असतात, ते नकाशावर पाहून ठेवावेत.

निघण्यापूर्वी

भारतीय नागरिकांना ब्रिटनचा पर्यटक व्हिसा लागतो. प्रवासाच्या तारखेच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटीची नोंदणी मात्र त्याआधीच करावी लागते, म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास रकमेचे काय, हे विचारून घ्यावे. प्रवासविम्यात स्वतः चालवलेल्या बोटीवरील अपघात समाविष्ट आहे का, हे पॉलिसीत वाचून पाहावे. सामान मऊ पिशव्यांत न्यावे. कडक सुटकेस ठेवायला बोटीत जागा नसते. रबरी तळव्याचे बूट, पावसाचे जाकीट, हातमोजे, विजेरी आणि नदीचा छापील नकाशा सोबत असावा. संकटसमयी ९९९ वर दूरध्वनी करताना बोटीचे नाव आणि नुकताच ओलांडलेला पूल किंवा लॉक सांगावा लागतो. म्हणून नकाशावर बोट ठेवणारे माणूस नेमावे. हे काम दहा-बारा वर्षांची मुले उत्तम करतात.

थेम्सवरील सर्वांत गाजलेली सहल जेरोम के. जेरोम यांच्या 'थ्री मेन इन अ बोट' या १८८९ मधील पुस्तकात आहे. किंग्स्टनहून निघालेले ते तिघे ऑक्सफर्डला पोहोचतात खरे. पण परतताना सतत पाऊस लागतो आणि पँगबर्नला होडी सोडून ते गुपचूप लंडनची आगगाडी पकडतात. भाड्याने बोट घेतलेल्या कुटुंबाला ती सोय नाही; शनिवारी सकाळी बोट जागेवर हवी. म्हणून पाचवा दिवस मोकळा ठेवावा, रेडिंगला वळावे आणि ऑक्सफर्ड पाहायचे राहिले तर आगगाडीने जाऊन यावे. रेडिंगहून ते अर्ध्या तासाच्या आसपास आहे.